पाच मिनिटांत अमेरिकन वंशावळ? जरा थांबा

ताई सध्या मुलाकडे अमेरिकेत आहे आणि नातवाच्या शाळेत फॅमिली ट्रीचं प्रोजेक्ट आहे. सून पेनसिल्व्हेनियाची, तिच्या घराण्याचा मूळपुरुष 1740 च्या सुमारास जर्मनीतून फिलाडेल्फियाला उतरलेला. नेमका तेव्हाच आमच्या ग्रुपवर तो 'अमेरिकन माणसाच्या सात पिढ्या पाच मिनिटांत' वाला मेसेज आला आणि ताईने तो वाचून निम्मा तक्ता भरूनही टाकला! म्हणून लिहितोय, एरवी असल्या फॉरवर्डच्या नादी मी लागत नाही.

पहिला मुद्दा, 'सगळे एलिस आयलंडवर उतरले आणि तिथल्या ऑफिसरांनी आडनावं बदलली.' अगं ताई, एलिस आयलंड सुरू झालं 1 जानेवारी 1892 ला. सुनेचा मूळपुरुष तोवर कधीच मातीत गेला होता. आणि तिथले ऑफिसर नावं लिहीत नव्हते, बोट जिथून सुटली तिथेच भरलेली यादी त्यांच्या हातात असायची, ती ते पडताळायचे. आडनावं बदलली हे मात्र खरं, म्युलरचे मिलर झाले, पण ते इंग्रज कारकुनांनी कानाला लागेल तसं लिहिल्यामुळे, नाहीतर लोकांनी आपणहून सोयीसाठी केलं. उलट पेनसिल्व्हेनियात 1727 पासून बाहेरून आलेल्या जर्मन पुरुषांकडून राजनिष्ठेची शपथ घ्यायचे, त्या सह्यांच्या याद्या अजून आहेत, 1934 ला छापूनही आल्यात. ज्याला लिहिता येत नव्हतं त्याने खूण केलीय. फक्त शपथ 16 वर्षांवरच्या पुरुषांचीच, त्यामुळे बायकापोरं तिथे शोधू नका.

आता सगळ्यात घातक मुद्दा: '1790 च्या जनगणनेत प्रत्येक माणसाचं नाव आहे.' साफ खोटं. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ते कागद आहेत, कुणीही बघावेत. एका ओळीत घरच्या कर्त्याचं नाव आणि पुढे नुसते आकडे: 16 आणि त्यावरचे गोरे पुरुष किती, त्याखालचे किती, गोऱ्या बायका किती, इतर स्वतंत्र माणसं किती, गुलाम किती. बस्स. म्हणजे दहा वर्षांचा मुलगा हा फक्त एक आकडा. सगळ्या स्वतंत्र माणसांची नावं आली 1850 ला, आणि कोण कुणाचं कोण लागतं ते 1880 ला. काही राज्यांचे 1790 चे कागद तर हरवलेतच.

आणि गुलाम? 1790 ला सुमारे 39 लाख लोकसंख्येत जवळजवळ 7 लाख माणसं गुलाम होती, त्यातल्या एकाचंही नाव तिथे नाही. 1850 आणि 1860 ला त्यांच्यासाठी वेगळा तक्ता, तिथेही मालकाचं नाव आणि खाली वय, लिंग, रंग. बहुतेकांची नावं जनगणनेत पहिल्यांदा दिसतात 1870 ला. त्याआधीचा माणूस शोधायचा तर त्याला गुलाम ठेवणाऱ्याचं मृत्युपत्र किंवा त्याच्या मागे केलेली मालमत्तेची यादी उघडावी लागते, घोडे, गाई, नांगर आणि मधेच एखाद्या बाईचं नुसतं नाव, समोर किंमत. हे माहीत नसलेल्याला 'प्रत्येकाचं नाव आहे' सांगितलं की तो शोधतो, काही सापडत नाही, आणि आपल्या घराण्याचा मागमूसच नाही समजून गप्प बसतो. वर नावासारखं नाव सापडलं की आपलाच पणजोबा म्हणून चिकटवणारे वेगळेच. आजपासून मागे जायचं असतं बाबांनो, आणि प्रत्येक पिढीला कागद हवा, खरेदीखत, मृत्युपत्र, चर्चची बाप्तिस्म्याची वही.

आडनावाचं कुलचिन्ह, म्हणजे ते ढालीवरचं 'कोट ऑफ आर्म्स'? ते एका माणसाला मिळायचं, आडनावाला नाही, मगवर छापून विकतात तो धंदा. डीएनए चाचणी? त्यातून दूरचे भाऊबंद सापडतात, पूर्वजाचं नाव नाही, आणि दहा पिढ्यांमागच्या एखाद्याचा तुकडाही तुमच्यात उरलेला नसू शकतो.

'आपल्याकडे उपाध्यायांच्या वह्या, त्यांच्याकडे काहीच नाही.' नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या वह्या खरोखर भारी आहेत, मान्य. पण मॅसॅच्युसेट्समध्ये जन्म, लग्न, मृत्यू नोंदवायचा कायदा 1639 चा आहे! अमेरिकेच्या दक्षिणेकडे मात्र बोंब होती, तेवढं खरं.

आणि जे मेसेजमध्ये नाहीच ते सांगतो. 1752 पर्यंत इंग्रजांच्या वसाहतींत नवं वर्ष 25 मार्चला लागायचं. त्यामुळे एप्रिल 1740 ला लग्न आणि फेब्रुवारी 1740 ला मूल असं दिसलं तर लगेच भुवया उंचावू नका, तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने 1741 चा.