नायब राज्यपालांचे दप्तर पाहू इच्छिणाऱ्यांसाठी काही नम्र सूचना

गोवा, दमण आणि दीव या जुन्या केंद्रशासित प्रदेशाच्या नायब राज्यपालांच्या कार्यालयातली कागदपत्रे एकदा डोळ्यांखालून घालावीत, अशी दुर्बुद्धी आपल्याला कधी ना कधी होऊ शकते. मला ती नुकतीच झाली आणि तिचे फळ म्हणून आलेले अडीच ओळींचे पत्र माझ्यापुढे आहे. ‘सदर नस्ती उपलब्ध अभिलेखात आढळून येत नाही, सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’ (नस्ती म्हणजे आपली फाईल.) कार्यालयाचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण कार्यालये अनेक असली तरी या पत्राचा मसुदा एकच आहे. माझ्यानंतर या वाटेने जाणाऱ्यांची सोय व्हावी, म्हणून काही सूचना देत आहे.

विषय निवडताना शक्य तितका जुना निवडावा. सतराव्या शतकातल्या एखाद्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने लिस्बनला काय कळवले, हे जाणून घ्यायचे असेल तर आपण भाग्यवान आहात. गोव्याच्या अभिलेखागाराची परंपरा १५९५ साली नेमलेला तिचा पहिला अभिरक्षक दियोगो दो कौतो याच्यापर्यंत मागे जाते, मोसमी वाऱ्यांवर ये-जा करणाऱ्या जहाजांतून चाललेला पत्रव्यवहार तेथे जाडजूड खंडांत बांधून ठेवलेला आहे आणि पांडुरंग पिसुर्लेकरांसारख्या विद्वानाने त्या कागदांपायी आयुष्य वेचले आहे. पोर्तुगीज शिकावे, म्हणजे झाले. पुण्याला जाऊन पेशवे दप्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडायचे असतील तर मोडी शिकावी. मात्र १९६२ ते १९८७ या काळातला, टंकलेखन यंत्रावर सरळ इंग्रजीत उतरवलेला आणि शाळकरी मुलालाही वाचता येईल असा कागद मागण्याचा आचरटपणा करू नये. जे कोणाला वाचता येत नाही ते जपावे आणि जे सर्वांना वाचता येते ते हरवू द्यावे, यामागे काही खोल धोरण असले पाहिजे.

अर्ज दोन प्रतींत करावा, म्हणजे निदान एक तरी शिल्लक राहते.

पेन्सिल घरूनच न्यावी.

काळाविषयीही थोडे पथ्य पाळावे. १९६६ चा डिसेंबर ते १९६७ चा एप्रिल हे महिने तर मुळीच मागू नयेत. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की वेगळा राहावा, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी कौल घेण्यात आला, हे मराठी वाचकाला सांगायला नको. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने आधी राजीनामा दिला आणि नवे मंत्रिमंडळ येईपर्यंत सगळा कारभार नायब राज्यपाल के. आर. दामले यांच्या हाती राहिला. वेगळे राहण्याच्या ‘दोन पाने’ या चिन्हाला १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या ‘फूल’ या चिन्हाला १,३८,१७० मते पडली. हे आकडे सर्वांना पाठ आहेत आणि त्यांवरून जेवणाच्या पंगतीत भांडणे अजूनही होतात. (माझ्या घरातही होतात, आणि दोन्ही बाजू तेवढ्याच आत्मविश्वासाने चुकीच्या गोष्टी सांगतात.) पण त्या महिन्यांत कोणत्या अर्जावर काय शेरा पडला, कोणत्या अधिकाऱ्याची बदली कोणी सुचवली आणि कोणी अडवली, हे राजपत्रात सापडत नाही. राजपत्रात आदेश असतो आणि खाली ‘नायब राज्यपालांच्या आदेशाने व नावाने’ असे लिहून कोणी सचिव सही करतो. आदेश का निघाला, हे नस्तीच्या टिपणी भागात असते. तेथे कनिष्ठ लिपिकापासून वरपर्यंत प्रत्येकाने आपले मत लिहून आद्याक्षरी केलेली असते, कोणीतरी समासात ‘चर्चा करावी’ असे लिहिलेले असते आणि सरकार म्हणजे काही माणसे आहेत, हे तेथेच दिसते. तेव्हा टिपणी भाग मागू नये. राजपत्रावर समाधान मानावे.

‘हे कोणाकडे मिळेल?’ हा प्रश्न विचारताना सोबत पाण्याची बाटली ठेवावी. ३० मे १९८७ रोजी गोवा राज्य झाले, नायब राज्यपालांचे पद तेथून गेले आणि तेव्हा पदावर असलेले गोपाल सिंग हेच पहिले राज्यपाल झाले. माणूस तोच राहिला, पण कागद पोरके झाले. दमण आणि दीव केंद्रशासित राहिले, त्यामुळे त्यांचे ते त्यांच्याकडे. पुढे २६ जानेवारी २०२० पासून दमण-दीव आणि दादरा-नगर हवेली एकत्र करण्यात आली, त्यामुळे तेही आता आणखी कोणाकडे तरी. दिल्लीला पाठवलेल्या पत्रांच्या प्रती दिल्लीला. केंद्र सरकार आणि केंद्रशासित प्रदेशांचे प्रशासन यांच्या कागदपत्रांसाठी संसदेने सार्वजनिक अभिलेख कायदा केला तो १९९३ मध्ये, म्हणजे गोवा केंद्रशासित राहिला नाही तेव्हा. राज्य म्हणते, हे केंद्राच्या काळातले आहे. केंद्र म्हणते, ते राज्याकडे राहिले. मग माहिती अधिकाराखाली अर्ज केला की कलम ६(३) पुढे येते. अर्ज दुसऱ्या कार्यालयाशी संबंधित असेल तर तो पाच दिवसांच्या आत तिकडे पाठवावा, असे ते कलम सांगते, आणि स्वतंत्र भारतात इतक्या तत्परतेने पाळला जाणारा दुसरा नियम मी पाहिलेला नाही. माझा अर्ज इतका फिरला, की मी त्याच्याबरोबर गेलो असतो तर माझे देवदर्शन तरी झाले असते. प्रत्येक कार्यालयाने तो ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ पुढे ढकलला आणि प्रत्येकाने त्याची प्रत ‘माहितीसाठी’ मला पाठवली. माहिती म्हणून मला मिळाली ती एवढीच, की अर्ज आता येथे नाही.

आणि हे सगळे गुप्ततेच्या नावाखाली होत असते तर एक वेळ समजले असते. तसे नाही. वीस वर्षांहून जुन्या घटनेची माहिती, मोजके अपवाद सोडले तर, नाकारता येत नाही, असे त्याच कायद्याचे कलम ८(३) सांगते. ‘गोपनीय आहे’ असे म्हणता येत नाही, म्हणून ‘सापडत नाही’ असे म्हणायचे. गोपनीय म्हटले तर कारण द्यावे लागते, अपील होते. सापडत नाही म्हटले की कोणालाच काही करावे लागत नाही.

शेवटी मला जावक नोंदवही पाहायला मिळाली, तीही एका भल्या शिपायामुळे. कसरीने कडा खाल्लेल्या त्या पानावर माझ्या नस्तीचा क्रमांक आहे, विषय आहे आणि समोर पेन्सिलीने ‘साहेबांकडे’ एवढा एकच शब्द आहे. तारखेचा रकाना कोरा, परत आल्याच्या सहीचा रकाना कोरा. कोणते साहेब? मी विचारले तर समोरचे गृहस्थ हसले आणि म्हणाले, “अहो, तेव्हा मी जन्मलोही नव्हतो.”

बरोबर आहे, नव्हता जन्मला. पेशवाईतही जन्मला नव्हता, तरी त्या काळचा रुमाल पुण्यात मिळतो, कारण मधल्या प्रत्येक माणसाने तो पुढच्याच्या हाती मोजून दिला. पगार या नोंदवहीचा घेता, जबाबदारी मात्र तुमच्या जन्मतारखेपासून सुरू होते काय? निवडून आलेल्या मुख्यमंत्र्याला लोकांनी मतपेटीतून जाब विचारला. बांदोडकरांनी कौलानंतर पुन्हा निवडणूक लढवली आणि जिंकली. नायब राज्यपालाला कोणी निवडले नव्हते, कोणी पाडूही शकत नव्हते. १९६७ साली नाही आणि मुख्यमंत्री शशिकला काकोडकरांचे मंत्रिमंडळ पडल्यावर १९७९ साली राष्ट्रपती राजवट आली तेव्हाही नाही. त्यांनी काय केले, ते कळण्याची जागा म्हणजे ही दप्तरे, आणि ती तुम्ही पावसात भिजू दिली, वाळवीला दिली, साहेबांना दिली.

नस्ती नष्ट केली असेल तर तसे लिहून द्या. केंद्राचे १९९७ चे सार्वजनिक अभिलेख नियम सांगतात, की नष्ट करावयाच्या अभिलेखांची यादी कायम जपायची असते. तुमच्याकडे तशी यादी असेल तर दाखवा, नसेल तर तेही सहीनिशी सांगा. ‘सापडत नाही’ एवढ्यावर भागत नाही, नीट शोध घ्यावा आणि हरवल्यास जबाबदारी निश्चित करावी, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्येच म्हटले आहे. ती नस्ती तुमच्या वडिलोपार्जित मालकीची नव्हती आणि त्या साहेबांच्याही नव्हती. कपाटे उघडा, धूळ झटका, जे आहे त्याची यादी करा आणि जे नाही त्यापुढे ते कोणी नेले त्याचे नाव लिहा. एवढेही होत नसेल, तर त्या खोलीची किल्ली ज्याला होईल त्याच्या हाती द्या आणि बाजूला व्हा.