वुल्व्हरिन क्लेअरमाँटने बनवला नाही, प्लीज तो मेसेज पुढे पाठवू नका

एक्स-मेन या सुपरहिरो कॉमिकचा बेस्ट रायटर कोण यावर रविवारी माटुंग्याला आमची चर्चा झाली, आणि तेव्हापासून एक मेसेज फिरतोय की वुल्व्हरिन, स्टॉर्म, नाइटक्रॉलर ही त्यातली सगळी पात्रं रायटर ख्रिस क्लेअरमाँटने तयार केली. हे चुकीचं आहे.

वुल्व्हरिन पहिल्यांदा आला 1974 मध्ये, हल्कच्या कॉमिकमध्ये, रायटर लेन वीन. आणि स्टॉर्म, नाइटक्रॉलर, कोलोसस हे 1975 च्या जायंट-साइझ एक्स-मेनमध्ये आले, तेही लेन वीन आणि चित्रकार डेव्ह कॉकरम यांचं काम. मूळ सिरीज स्टॅन ली आणि जॅक कर्बीची, 1963 ची, पण ती 1970 ला थंडावली होती, नंतर काही वर्षं नुसत्या जुन्याच गोष्टी परत छापत होते, म्हणजे वीन-कॉकरमनी किती मोठं काम केलं बघा आणि त्यांचंच नाव गाळायचं हे मला खरंच लागलं.

मी स्वतः क्लेअरमाँटचा कट्टर फॅन आहे हां. 1975 ते 1991 सलग एकच सिरीज लिहिली माणसाने, या पात्रांना आवाज, राग, भूतकाळ दिला. एक्स-मेनमधल्या जीन ग्रेची ती डार्क फिनिक्सची गोष्ट त्याची आणि चित्रकार जॉन बर्नची, किटी प्राइड हे पात्र पण त्या दोघांचंच. फोर्टच्या फुटपाथवर जुने अंक शोधत फिरायचो ते त्याच्यासाठीच. फेव्हरेट म्हणून त्याला मत द्या, मी पण त्यालाच दिलंय, फक्त वुल्व्हरिनच्या नावापुढे लेन वीन लिहा.