आपली तक्रार निवारण झाली आहे

मेसेज जसाच्या तसा देतो. ‘प्रिय ग्राहक, आपली तक्रार निवारण झाली आहे. आमच्या सेवेने आपण समाधानी आहात याचा आम्हांला आनंद आहे.’

मी पोटासाठी मुद्रितं तपासतो, त्यामुळे डोळा आधी व्याकरणावरच गेला. तक्रार निवारण होत नाही हो, तक्रारीचं निवारण होतं. मग कळलं, की या मेसेजात त्यातल्या त्यात खरं असं जे काही आहे ते हे चुकलेलं व्याकरणच. बाकी तक्रार जिवंत होती, मी समाधानी नव्हतो, आणि मेसेज आला तेव्हा मी माळ्यावर पोटावर सरपटत होतो, तोंडात टॉर्च आणि केसांत कोळिष्टकं घेऊन. फोन खाली टेबलावर होता. फोनजवळ भाई होते.

भाईंकडे येतोच. आधी घर. गोव्यातल्या चोडण बेटावरचं आमचं घर जुनं, चिऱ्यांचं, गिलाव्यासकट दीड हात जाडीच्या भिंतींचं. इंटरनेटची तार पुढच्या बैठकीत येते, राउटर तिथे. माझी कामाची खोली आत. वायफाय पहिल्या भिंतीत शिरतं आणि तिथेच पूर्वजांबरोबर कायमचं राहतं. म्हणून एप्रिलमध्ये मी राउटरपासून खोलीपर्यंत लॅनची लांब केबल ओढली. भिंतीच्या कडेकडेने, दाराच्या चौकटीवरून वळवून, माझ्या टेबलावरच्या छोट्या स्विचात, म्हणजे एका केबलला फाटे फोडणाऱ्या डबीत. त्यातून संगणक आणि प्रिंटर. महिना दीड महिना सगळं सुरळीत होतं. जूनमध्ये ते दोन्ही एकदम जायला लागले. दहा मिनिटं, कधी तासभर, मग आपोआप परत. पुढच्या खोलीत वायफाय मजेत चालू.

आणि जायचे कधी? मीटिंगला. अकरा वाजता पुण्याची मंडळी पडद्यावर जमली, मी ‘पान बेचाळीस’ म्हटलं, की गेलं. एरवी दिवसभर नीट. रात्री मुद्दाम, जोडणी तुटते का बघायला, दोन-दोन तास पिंग लावून बसलो, एक थेंब सांडला नाही. राउटरला माझ्या मीटिंगा कळतात, अशा निष्कर्षाला मी आलो होतो, आणि मी सायन्सचा पदवीधर आहे.

उपाय सगळे केले. पोर्ट एकवरून दोन, दोनवरून तीन. अडॅप्टर बदलला. फर्मवेअर चढवलं. कुणीतरी सांगितलं म्हणून वीज वाचवण्याची सेटिंग बंद केली. संगणक रिस्टार्ट केला की तो १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दाखवायचा. राउटरकडून पत्ता मिळाला नाही की संगणक असा घरगुती पत्ता स्वतःच लावून घेतो, रेशनकार्ड नसलेल्या माणसाने पाटीवर ‘मु. पो. इथेच’ लिहावं तसा. एकदा तर स्विचवरचा हिरवा दिवा जायच्या आधी नारिंगी झालेला मी पाहिला. म्हणजे वेग हजार एमबीपीएसवरून शंभरवर आला होता. हजाराला केबलमधल्या आठही तारा लागतात, शंभरला चार पुरतात, हे मी त्याच दिवशी वाचलं. वाचलं, मान डोलावली, आणि म्हापशाला जाऊन नवा राउटर आणला. माणूस किती वाचतो याला काही अर्थ नसतो.

आता भाई. शेजारचे. रायबंदर–चोडण फेरीबोटीवर इंजिनाकडे उभी हयात काढली, निवृत्त होऊनही वर्षं झाली. दिवसातले चार तास ते आमच्या पडवीत असतात. त्यांच्या पडवीतून फक्त आमची पडवी दिसते, आमच्या पडवीतून रस्ता दिसतो, असं त्याचं कारण. आवाज असा, की इंजिनावर मात करायला कमावलेला आणि निवृत्तीनंतर परत न केलेला. पोदेर पाव घेऊन आला तरी त्याच्याशी ते नदीच्या पलीकडच्या माणसाशी बोलावं तसं बोलतात.

इंजिनाचा बिघाड पायाच्या तळव्याला कळतो, कानाला नंतर, असा त्यांचा सिद्धांत आहे. डेकवर अनवाणी उभं राहायचं, थरथर एका लयीत असेल तर चहा प्यायचा, लय चुकली तर कप ठेवायचा. तीन दिवस आधी बिघाड ओळखल्याच्या गोष्टी मी इतक्यांदा ऐकल्यात, की त्यातल्या दोन मी आता त्यांच्यापेक्षा बऱ्या सांगतो. जुलै २०२५ मध्ये रो-रो फेरी आली, लोक खूश झाले. भाई एकदा बसले आणि उतरताना तोंड पाडून म्हणाले, “पायाक कांयच कळना.”

नव्या राउटरलाही रोग आहे हे कळल्यावर ते बघायला आले. चप्पल काढली. राउटर शेल्फावर होता, तो उतरवून जमिनीवर ठेवायला लावला आणि त्यावर उजव्या पायाचा अंगठा टेकवून डोळे मिटले. मी गप्प. पुढे पाच दिवे लुकलुकत होते आणि मागे हे सत्तरीचे गृहस्थ बगळ्यासारखे एका पायावर.

“आवाज ना,” ते शेवटी म्हणाले. “वास ना. तेल ना. हें मशीन न्हय रे पुता, हो देव. लायट पेटता, आवाज ना, आनी मागिल्लें दिता जाल्यार दिता.”

“मग काय करू?”

“नदर दवर.” नजर ठेव. आवाज न करणाऱ्या वस्तूवर डोळाच ठेवावा लागतो, हा त्यांचा निर्णय. आणि त्या दिवसापासून ते पडवीतल्या खुर्चीचं तोंड आत, राउटरकडे करून बसू लागले. रस्त्याशी बोलायचं ते आता मान वळवून. आवाज तेवढाच.

तर तक्रार. चौथ्या तक्रारीला माणूस आला. विशीतला पोरगा, रेनकोटातून पाणी गळतंय. मी त्याला केबल दाखवायच्या आत भाईंनी त्याला ताब्यात घेतलं. कितल्याच्या फेरीन आयलो? स्टिअरिंगाक कोण आशिल्लो? रॅम्पाक लागतना धपको बसलो? पोरगा बिचारा म्हणाला, बसला थोडा. भाईंनी माझ्याकडे ‘बघितलंस?’ अशा नजरेने पाहिलं, जणू माझं नेट त्या धक्क्यानेच जात होतं. पंधरा मिनिटं त्या धक्क्याची उलटतपासणी झाली.

मग पोराने लॅपटॉप राउटरला लावला, वेग मोजला. माझ्या खोलीत येऊन संगणकावर मोजला. सगळं उत्तम. तो आत-बाहेर करतोय, मी आत-बाहेर करतोय, भाई मधे उभे. वीस मिनिटं झाली, नेट जाण्याचं नाव नाही. डॉक्टरच्या दारात दाढदुखी थांबते त्यातला प्रकार. शेवटी तो म्हणाला, “सर, जुना अडॅप्टर असेल तर लावून बघू.” मी माळ्यावर चढलो.

उतरलो तेव्हा पोरगा नव्हता. भाई होते, माझा फोन होता, आणि वरचा मेसेज.

“तो गेला?”

“गेलो. तुज्या फोनार नंबर आयलो, ताका दिलो.”

“भाई! तो ओटीपी होता! तक्रार बंद करायचा!”

“ताची फेरी चुकतली आशिल्ली.”

“आणि माझं नेट?”

भाईंनी माझ्याकडे कीव करत पाहिलं. “नेट खंय वता रे? फेरी वता.”

नेट जातं, हीच तर तक्रार होती. हे वाक्य मला रात्री अंथरुणात सुचलं. शिवाय फोनवर तारे विचारले होते, तेही भाईंनी पाचच्या पाच दिले होते. भुरगो बरो, पोरगा चांगला, म्हणून.

दुसऱ्या दिवशी फोन लावला. आधी यंत्र बोललं, मग गाणं, मग पुन्हा यंत्र, मग एक खरी मुलगी. “सर, तुमच्या नंबरवर एकही तक्रार प्रलंबित नाही.” मी म्हटलं, ती चुकून बंद झाली. “पण सर, तुम्ही पाच तारे दिलेत.” ते शेजाऱ्यांनी दिले. ती थोडी थांबली. मग म्हणाली, “राउटर एकदा रिस्टार्ट करून बघता का?”

इथे मला हसू येत नाही, खरं सांगतो. दोन महिन्यांत मी ते खोकं शंभरदा तरी बंद-चालू केलंय. चार वेळा तक्रार नोंदवली, चारही वेळा पहिल्यापासून सगळी कहाणी सांगितली, आणि चौघांतल्या एकानेही मागचं काही लिहून ठेवलेलं नव्हतं. लिहून ठेवलं होतं फक्त ‘बंद’. दुरुस्त झालं का हा रकाना बहुतेक त्यांच्याकडे नसावाच. त्या पोराला तरी काय बोलायचं? पावसात बेटावर यायचं, एका म्हाताऱ्याला फेरीचा जबाब द्यायचा, आणि अंक मिळाला नाही तर त्याचा दिवस फुकट. पाचवी तक्रार नोंदवली. यंत्राने आभार मानले.

सोमवारी अकराला मीटिंग. बाहेर धो धो. आमच्याकडे मोसमाला शंभर इंचांवर जातो, त्यातले दोन तरी त्या सकाळचे. पडवीत भाई पोस्टमनला रॅम्पचा धक्का सांगत होते. पुण्याची मंडळी जमली. “मागे काही भांडण चाललंय का?” एकीने विचारलं. मी उठलो, दार लोटलं. ते अडलं. खांदा लावून दाबलं, बसलं. वळतो तर पडदा गोठलेला.

आणि बाहेरून, नदीच्या पलीकडे जाईल असा आवाज: “पुता! तुज्या पेटयेचो एक दिवो पालवलो!” विझला.

मी संतापून दार उघडलं, आज यांना सांगायचंच म्हणून.

“पेटलो!”

मी उंबऱ्यावर उभा राहिलो. दार लावलं.

“पालवलो!”

उघडलं.

“पेटलो!”

सात-आठ वेळा केलं असेल. पोस्टमन टपाल हातात घेऊन उभा होता.

दार फणसाचं, आजोबांच्या वेळचं. लाकूड ओल धरतं तसं रुंदीला फुगतं, उंचीला जवळजवळ नाही. म्हणून पावसाळ्यात दार खाली घासायच्या आधी कडीच्या बाजूला चौकटीत रुततं. एप्रिलमध्ये तिथे बोटभर फट होती, आणि मी त्या फटीतून केबल नेली होती. जूनपासून दर मीटिंगला मी स्वतः, खांदा लावून, ती चिरडत होतो. केबल काढली तर तेवढ्या जागी पापडासारखी चपटी. वरचं आवरण सोललं, आत दोन तारा तुटलेल्या, प्रत्येकीची तुटकी टोकं एकमेकांना टेकून. दार उघडं असलं की टेकायची, दाबलं की सुटायची. मी दार लावायचो भाईंचा आवाज येऊ नये म्हणून. हे भाईंना सांगितलेलं नाही. त्यांचा समज आहे, की नदर दवरली म्हणून सापडलं, आणि मला तो खोडता येत नाही, कारण तो बरोबर आहे.

नवी केबल लगेच आणली. पण न्यायची कुठून? दीड हात चिऱ्याला भोक पाडायला गवंडी म्हणाला, चवथीनंतर. दार तासायला मेस्ताला विचारलं, तो म्हणाला, पावसात फुगलेलं दार तासलं तर उन्हाळ्यात त्यातून मांजर जाईल, चवथीनंतर बघू. तोवर दार उघडं. मांजर आताच जातंय, बेडूकही. पुण्याची मंडळी आता मीटिंग सुरू होताना आधी भाईंना नमस्कार करतात. पान बेचाळीसवरच्या एका शब्दावर भाईंनी मत दिलं आणि ते ग्राह्य धरलं गेलं, यापलीकडे मी त्याबद्दल बोलणार नाही.

पाचवी तक्रार राहिली होती. रद्द करायला गेलो, तर रद्द करायलाही माणूस येऊन ओटीपी घेऊन जातो म्हणे. आज मेसेज आला: ‘आमचे प्रतिनिधी उद्या १० ते ६ या वेळेत भेट देतील.’ मी तो मनातल्या मनातच वाचला. तरी पडवीतून विचारणा झाली:

“कितल्याच्या फेरीन येता तो?”