क्रूझ घेताय? पत्रकावरची गावांची नावं आधी विसरा

सुट्ट्या जवळ आल्या की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "अगं, क्रूझ कशी असते? पैसे वसूल होतात का? आई-बाबांना झेपेल का?" प्रत्येकाला फोनवर तेच सांगून घसा बसायची वेळ आली, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. पोस्ट लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

माझं म्हणणं सरळ आहे. गावं बघायची असतील तर क्रूझ घेऊ नका. जहाजावर राहायची हौस असेल तरच घ्या.

आपण मराठी माणसं सहल म्हटलं की आधी 'काय काय दाखवणार' हे विचारतो. क्रूझच्या पत्रकावर सिंगापूर, क्वालालंपूर, फुकेत अशी तीन नावं दिसली की वाटतं, वा, एका तिकिटात तीन गावं! पण क्वालालंपूरला समुद्र कुठाय? जहाज लागतं पोर्ट क्लांगला. तिथून शहर गाठायला रस्त्याने तास-सव्वा तास, रहदारी असेल तर आणखी. युरोपच्या क्रूझवरचं 'रोम' म्हणजे चिवितावेक्किया, रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटर. 'बँकॉक' म्हणजे लाएम चाबांग, बसने दोनेक तास. लांब कशाला, मुंबईहून गोव्याला जाणारं जहाज मुरगाव बंदरात लागतं, म्हणजे वास्कोला. तिथून पणजीच तीसेक किलोमीटर आणि कलंगुट-बागा त्याच्याही पुढे.

आता वेळेचा हिशेब करा. जहाज सकाळी आठला लागलं आणि संध्याकाळी पाचला सुटणार असलं, तर कागदावर नऊ तास दिसतात. प्रत्यक्षात तपासणी, रांगा होऊन बाहेर पडेपर्यंत नऊ वाजतात आणि चार-साडेचारला परत जहाजावर हजर राहायचं असतं. जाण्या-येण्यात अडीच तास गेले. उरले जेमतेम पाच. त्यात पेट्रोनास टॉवरपुढे फोटो, जेवण आणि थोडी खरेदी. क्वालालंपूर नीट बघायचं असेल तर सरळ विमानाने जा, स्वस्तही पडेल.

आणखी एक गोची घड्याळाची. थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे आहे. फुकेतला उतरलात की मोबाइल आपलाआपण थाई वेळ दाखवायला लागतो. जहाज मात्र बऱ्याचदा सिंगापूरच्याच वेळेवर चालतं. तुमच्या फोनवर चार वाजलेले असतात तेव्हा जहाजावर पाच वाजलेले असतात. म्हणून 'शिप टाइम' काय आहे हे उतरण्यापूर्वी विचारून घ्या आणि साधं मनगटी घड्याळ त्या वेळेला लावा. जहाजवाल्यांकडून घेतलेली सहल उशिरा परतली तर जहाज सहसा थांबतं. स्वतः टॅक्सी करून भटकायला गेलेल्यांसाठी थांबत नाही. धक्क्यावर धावत येणारी कुटुंबं आणि वरच्या डेकवरून त्यांना शिट्ट्या मारणारे सहप्रवासी, हा प्रकार बघायला मजेशीर असेल, धावणाऱ्यांना विचारा.

मग क्रूझमध्ये आहे काय? आहे ना. कुठेही न थांबणारा पूर्ण दिवस असतो, त्याला 'सी डे' म्हणतात. नवखे लोक हा दिवस फुकट गेला असं समजतात. माझ्या मते पैसे त्याच दिवसाचे द्यायचे असतात. खालच्या एखाद्या डेकवर बहुतेक जहाजांना बाहेरून चालायची वाट असते. तिथे स्विमिंग पूल नाही, डीजे नाही, म्हणून गर्दीही नाही. मुंबईहून निघताना तिथेच उभे राहा. बंदराच्या बाहेर आल्यावर जहाजाच्या कुशीतलं एक दार उघडतं, दोरीची शिडी खाली सोडतात, एक छोटी बोट चालत्या जहाजाला येऊन चिकटते आणि आत्तापर्यंत जहाज बाहेर काढून देणारा बंदराचा पायलट त्या शिडीवरून उतरून बोटीत पाय टाकतो. लाटेवर बोट वर आली की नेमका त्या क्षणाला. नव्वद टक्के लोक तेव्हा वर बुफेच्या रांगेत असतात.

पहिल्यांदाच जात असाल तर मुंबईहून निघून कुठेही न थांबता मुंबईलाच परत येणारी दोन रात्रींची सहल मिळते का ते बघा. 'कुठेच जात नाही तर जायचं कशाला' असं घरचे म्हणतील. त्यातच कळतं की तुम्हाला जहाज आवडतं की नाही. फक्त शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा, मित्रांच्या टोळ्या आणि ऑफिसच्या पार्ट्यांचा धुडगूस असतो. आणि रीलमध्ये दिसणाऱ्या घसरगुंड्यांची अपेक्षा ठेवून मुंबईच्या जहाजावर चढू नका. कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' जहाज १९९० सालचं, ग्रॉस टनेज, म्हणजे जहाजाच्या आतल्या जागेचं माप, ४८ हजारांच्या आसपास. २०२४ मध्ये आलेलं 'आयकॉन ऑफ द सीज' त्याच्या पाचपट आहे. लहान जहाज वाईट असं नाही, उलट दोन दिवसांत सगळे कोपरे माहीत होतात.

बोट लागण्याबद्दल सगळेच घाबरतात. ऋतू नीट निवडला तर अर्धी भीती तिथेच संपते. आपला अरबी समुद्र पावसाळ्यात खवळलेला असतो, म्हणून तर जुन्या काळी कोकणची बोट सर्व्हिससुद्धा पावसाळ्यात बंद असायची. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला म्हणजे लगेच समुद्र गादीसारखा सपाट झाला असंही नाही. दिवाळी ते होळी हा काळ उत्तम. गाडी लागणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी आधी घ्यायची. पोटात ढवळायला लागल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही. आलेपाक, आवळा सुपारी जवळ असू द्या, आणि रिकाम्या पोटी राहू नका.

दुसरा उपाय खोलीच्या जागेत आहे. इथे लोक चुकीच्या गोष्टीवर पैसे घालवतात. बाल्कनी घेऊ की खिडकी, यावर घरात आठवडाभर खल होतो आणि खोली जहाजात नेमकी कुठे आहे हे कुणी बघतच नाही. जहाजाच्या लांबीच्या मधोमध आणि खालच्या डेकवर हालचाल सर्वांत कमी जाणवते. अगदी पुढे आणि वर सर्वांत जास्त. बुकिंग करताना डेकचा नकाशा उघडा आणि तुमच्या डोक्यावर काय आहे ते बघा. वर खोल्याच असतील तर झोप लागेल. स्विमिंग पूल असेल तर पहाटे पाचला खुर्च्या फरफटत लावल्याचा आवाज ऐकायची तयारी ठेवा. खिडकी नसलेली खोली मला तरी चालते, दिवा बंद केला की मिट्ट काळोख होतो आणि छान झोप लागते. बऱ्याच जहाजांवर टीव्हीच्या एका चॅनलवर पुढच्या कॅमेऱ्याचं चित्र असतं, ते आवाज बंद करून चालू ठेवलं की सकाळ झाल्याचं कळतं. खोली लहानच असते. सुटकेस रिकामी करून पलंगाखाली सरकवा. भिंती लोखंडी असतात, त्यामुळे लोहचुंबकाचे हुक नेले तर ओले टॉवेल, टोप्या, कार्डं सगळं टांगता येतं.

पैशाचं बोलू. जाहिरातीतला आकडा म्हणजे तिकीट, खर्च नव्हे. त्यावर बंदराचे कर आणि ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरवर्गाची सक्तीसारखीच टिप. मोठ्या अमेरिकन कंपन्यांत ती माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर असते आणि लहान मुलांचीही धरतात. चौघांच्या चार रात्रींचे १८ डॉलरने २८८ डॉलर झाले. दारूचं पॅकेज बऱ्याच कंपन्यांत खोलीतल्या एका मोठ्या माणसाने घेतलं की दुसऱ्यालाही घ्यावं लागतं, त्यामुळे नवऱ्याची हौस बायकोच्या लिंबूपाण्यासकट मोजून ठेवा. इंटरनेट वेगळं. आणि मोबाइल जहाज सुटताच एअरप्लेन मोडवर टाका. भर समुद्रात फोन जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला चिकटतो आणि तुमच्या साध्या रोमिंग पॅकमध्ये ते सहसा धरलेलं नसतं. जहाजावरच्या खर्चाच्या खात्याला डेबिट कार्ड जोडू नका, ते लोक रक्कम अडवून ठेवतात आणि मोकळी व्हायला दिवस लागतात.

सामान धक्क्यावरच घेतलं जातं आणि खोलीशी यायला संध्याकाळ होते. औषधं, पासपोर्ट, पोहायचे कपडे हातातल्या पिशवीत हवेत. इस्त्री, स्वतःची किटली, मेणबत्त्या, उदबत्त्या चालत नाहीत, आगीच्या भीतीने. माझी आत्येबहीण सहा साड्या आणि एक प्रवासी इस्त्री घेऊन आली होती. सगळ्यांच्या बॅगा आल्या, हिची येईना. शेवटी बोलावणं आलं. खाली एका खोलीत जप्त बॅगांची रांग, आणि तिच्या शेजारी अशीच इस्त्रीसाठी अडकलेली एक गुजराती काकू. दोघी तिथेच मैत्रिणी झाल्या. इस्त्री शेवटच्या दिवशी पावती दाखवून परत मिळाली, आणि साड्या न चुरगळणाऱ्या नेसाव्यात हे दोघींचं ठरलं.

सुटण्याआधी सुरक्षेची कवायत असते, 'मस्टर ड्रिल'. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा. कंटाळा करून टाळू नका. १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया नावाची क्रूझ बोट खडकावर आपटली, ३२ माणसं गेली. त्या संध्याकाळी चढलेल्यांची कवायत तोवर झालीच नव्हती, कारण तेव्हा ती चढल्यावर चोवीस तासांत घेतली तरी चालायची. त्यानंतर नियम बदलला. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला जाताना बुडालेली रामदास बोट ज्या घरांतून आजही सांगितली जाते, त्या घरांना हे वेगळं सांगायला नको. लाइफ जॅकेट कपाटात कुठे आहे ते हात लावून बघा.

खाण्याबद्दल थोडंच. उपाशी कुणी राहत नाही. परदेशी जहाजावर शाकाहारी असाल तर पहिल्याच रात्री हेड वेटरला गाठा, दुसऱ्या दिवशीचं वेगळं करून देतात. अंडं चालतं की नाही हे स्पष्ट सांगा. बुफेच्या दारात हात धुवायचा आग्रह करतात तो ऐका, जहाजावर पोटाचा संसर्ग भराभर पसरतो.

आता आई-बाबांचं. मला विचाराल तर क्रूझ त्यांच्यासाठीच आहे. बसची सहल म्हणजे पहाटे साडेपाचला उठा, बॅगा बाहेर ठेवा, रोज नवं हॉटेल. गुडघे दुखणाऱ्यांची त्यात फरफट होते. इथे बॅग एकदाच उघडायची. गावात उतरायचं नसेल तर जहाजावर राहा, आणि सगळे उतरल्यावर रिकाम्या जहाजासारखं सुख नाही. माझ्या सासूबाई एकाही बंदराला उतरल्या नाहीत. रोज सकाळी त्याच खुर्चीवर, जपमाळ आणि कॉफी. परतल्यावर शेजारणींना सगळा प्रवास त्यांनीच सांगितला, आम्हाला बोलू दिलं नाही.

मात्र त्यांच्यासाठी तीन गोष्टी बुकिंगच्या वेळीच बघा. प्रवास विमा घ्या, जहाजावर डॉक्टर असतो पण त्याचं बिल खासगी आणि दणदणीत असतं. व्हीलचेअर लागणार असेल तर आधी कळवा. आणि बंदरात जहाज धक्क्याला लागतं की दूर नांगर टाकतं, ते विचारा. लक्षद्वीपला छोट्या बोटीतून किनाऱ्यावर नेतात, पूर्वी मालवणला पडावातून उतरवायचे तसं. हलत्या बोटीत पाय टाकणं सत्तरीच्या माणसाला अवघड जातं, आणि वारा वाढला तर ते उतरणं रद्दच होतं. पैसे भरण्याआधी विचारा, एजंट आपणहून सांगत नाहीत.