बेसिक ऑथ ‘उघडं’ म्हणून जेडब्ल्यूटी? जरा थांबा

पायथन शिकणाऱ्यांच्या ग्रुपांमध्ये एक मेसेज सतत फिरत असतो: ‘बेसिक ऑथ वापरू नका. पासवर्ड उघडा जातो, दर रिक्वेस्टला जातो, मोठ्या कंपन्यांनी ते कधीच सोडलंय. फ्लास्क असो की फास्टएपीआय (ही पायथनची वेब फ्रेमवर्क), जेडब्ल्यूटीच लावा.’ बेसिक ऑथ म्हणजे युजरनेम आणि पासवर्ड बेस६४ या सांकेतिक रूपात दर रिक्वेस्टच्या हेडरमध्ये पाठवणं. जेडब्ल्यूटी म्हणजे सर्व्हरने सही करून दिलेलं मुदतीचं टोकन, सही तपासली की डेटाबेस न बघताही ओळख पटते. नवीन मुलं हे वाचतात आणि दोन सर्व्हरमधल्या साध्या सर्व्हिसलाही टोकनचा संसार थाटतात. त्यांचा वेळ फुकट जातो याचं मला वाईट वाटतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘पासवर्ड उघडा जातो.’ बेस६४ म्हणजे एन्क्रिप्शन नव्हे, हे खरंच. ते कोणीही क्षणात उलटवू शकतो. पण लपवण्याचं काम बेस६४चं नाहीच, ते टीएलएसचं, म्हणजे एचटीटीपीएसमधल्या एन्क्रिप्शनचं. एचटीटीपीएस असेल तर हेडरही त्याच्या आतूनच जातं. आणि एचटीटीपीएस नसेल तर जेडब्ल्यूटीसुद्धा तितकंच उघडं: वाटेत ज्याच्या हाती टोकन लागलं, तो मुदत संपेपर्यंत तुमच्या नावाने वावरणार. शिवाय नेहमीच्या जेडब्ल्यूटीचा मधला भागही बेस६४च्याच एका प्रकारात असतो. त्यावरची सही मजकूर बदलला नाही एवढंच सांगते, मजकूर झाकत नाही. ‘एन्क्रिप्टेड आहे ना’ अशा समजुतीने त्यात लोकांचे मोबाइल नंबर भरलेले मी पाहिलेत.

‘दर रिक्वेस्टला जातो.’ टोकनही जातंच की. यातली एक गोष्ट मात्र मला मान्य आहे. माणसाने निवडलेला पासवर्ड बीक्रिप्टसारख्या मुद्दाम संथ ठेवलेल्या हॅशने (उलटवता न येणाऱ्या ठशाने) तपासावा लागतो आणि दर रिक्वेस्टला तसं केलं तर सर्व्हर दमतो. पण दोन सर्व्हर आपसात बोलत असताना मधे माणूस आहे कुठे? तिथे पायथनच्या सिक्रेट्स मोड्यूलमधल्या टोकन_यूआरएलसेफ(३२)ने की बनवा, क्लायंटला द्या आणि आपल्याकडे तिचा फक्त एसएचए-२५६ हॅश ठेवा. ३२ बाइटची रँडम की अंदाजाने कोणाला सापडत नाही, त्यामुळे संथ हॅशची गरजच उरत नाही. की फुटली? टेबलमधली ती ओळ काढा, की त्याच क्षणी बंद. जेडब्ल्यूटी मुदतीआधी रद्द करायचं तर रद्द टोकनांची यादी ठेवा आणि दर वेळी ती तपासा. डेटाबेसचा फेरा वाचावा म्हणून आणलेलं टोकन पुन्हा डेटाबेसच्याच दारात.

‘मोठ्या कंपन्यांनी सोडलं.’ कोड ठेवायच्या गिटहब या साइटने नोव्हेंबर २०२० मध्ये एपीआयसाठी खात्याचा पासवर्ड घेणं थांबवलं, तेव्हापासून हे पसरलं असावं. बंद झाला तो पासवर्ड. एचटीटीपीएसवरून गिट पुश करताना, म्हणजे तिथे कोड चढवताना, पासवर्डच्या जागी आपण टोकन टाकतो, ते आजही बेसिक ऑथनेच जातं. पेमेंट स्वीकारणाऱ्या रेझरपेची की आयडी आणि की सिक्रेट ही जोडी तशीच, एसएमएस पाठवणाऱ्या ट्विलिओचा अकाउंट एसआयडी आणि ऑथ टोकनही तसेच. पैशांचे व्यवहार ज्यावर चालतात ते कालबाह्य कसं?

ब्राउझरमधून माणसं लॉगिन करणार असतील तर गोष्ट वेगळी. बेसिक ऑथला लॉगआउट नाही, ब्राउझर पासवर्ड लक्षात ठेवून आपणहून पाठवत राहतो. तिथे कुकीवरून लॉगिन ओळखणारं सेशन वापरा. आणि एकाच लॉगिनवर दहा वेगळ्या सर्व्हिस चालवायच्या असतील तर जेडब्ल्यूटी खुशाल घ्या.

राहता राहिलं ‘कोडच्या इतक्या कमी ओळींत सुरक्षित कसं होईल?’ ओळी कमीच लागतात, चूक होते ती ताडून पाहताना. फ्लास्कमध्ये रिक्वेस्ट.ऑथरायझेशनमधून युजरनेम आणि पासवर्ड मिळतात. ते साध्या दोन बरोबर-चिन्हांनी ताडू नका. पहिलं अक्षर चुकताच ती तुलना थांबू शकते आणि लागलेल्या वेळेवरून की हेरता येते. त्यासाठी सिक्रेट्समध्येच कम्पेअर_डायजेस्ट आहे. त्यातही एक खाच आहे, आपल्याला विशेष लागू पडणारी: त्याला थेट स्ट्रिंग दिल्या तर फक्त आस्की, म्हणजे साधी इंग्रजी अक्षरं, आकडे आणि चिन्हं चालतात. पासवर्ड म्हणून ‘तिळगूळ’ पाठवून बघा, टाइपएरर येतो आणि क्लायंटला ४०१ (ओळख पटली नाही) ऐवजी ५०० (सर्व्हरमध्येच बिघाड) मिळतो. दोन्ही बाजू आधी यूटीएफ-८मध्ये एन्कोड करा, मग ताडा.