बिबट्या, ससा आणि चार किलोचा ड्वार्फ

आमच्या सातारा जिल्ह्यात सशाचा आकार बघणाऱ्याच्या मनावर ठरतो. शिवारातल्या चिखलात ससा बिबट्या होतो आणि दुकानाच्या पिंजऱ्यात चार किलोकडे निघालेला ससा ‘ड्वार्फ’, म्हणजे कायम छोटाच राहणाऱ्या ठेंगण्या जातीचा, होतो. यातलं जरा कळणाऱ्याच्या मोबाईलवर मग सकाळी सहापासून चिखलाचे फोटो येतात. “वाघरू हाय का बघा की!”

फोटोत चिखल असतो, आणि पाठवणाऱ्याच्याच चपलेचा ठसा. शेजारी काडेपेटी ठेवली तर माप कळेल, फोटो बरोब्बर वरून आणि कोवळ्या उन्हात घ्या, भर दुपारी ठशाला सावलीच पडत नाही, हे सगळं सांगून होतं. पुढचा फोटो दुपारी साडेबाराचा येतो. काडेपेटी नसतेच.

एकट्या ठशावरून काही ठरत नाही, चारही पायांच्या ठशांचा घोळका बघायचा. उडी मारताना ससा पुढचे पाय एकामागे एक टेकवतो आणि मागचे त्यांना ओलांडून पुढे, शेजारी-शेजारी आणतो. म्हणजे मोठे ठसे पुढे, लहान मागे, आणि ससा गेला तो मोठ्या ठशांच्या बाजूला. हौशी मंडळी नेमकी उलटी चालतात आणि ससा जिथून आला तिथे जाऊन त्याची वाट बघतात. खारीचेही मोठे ठसे पुढेच, पण तिचे पुढचे पाय जोडीने टेकतात. सशाच्या तळव्याला केस असतात, त्यामुळे तळव्याची गादी उमटत नाही. फार तर नखांची टिंबं. ओल्या रानात मागचे दोन ठसे एकमेकांत मिसळून मोठा गोळा होतो, आणि त्या गोळ्याचा गावात बिबट्या होतो. खऱ्या बिबट्याला चार बोटं, मागच्या कडेला तीन फुगवटे असलेली गादी, आणि नखं बहुधा उमटतच नाहीत. कराड-शिराळ्याच्या उसात तो खरोखर आहे, म्हणून हसण्याआधी गादी शोधावी. लेंड्या मात्र खोटं बोलत नाहीत: शेळीची लांबट, सशाची गोल, कोरडी, मोडली की आत गवताचा भुसा.

ऊसतोडीत याच सशाचं पिल्लू हाताला लागतं. रानससा बीळ करत नाही. गवतात जमीन जरा दबवून बसतो, आणि पिल्लू जन्मतःच केसाळ, उघड्या डोळ्यांचं. आई दिवसा जवळ फिरकत नाही, म्हणून लोक त्याला पोरकं ठरवतात आणि इवलंसं आहे म्हणून ड्वार्फ. ते 1972 च्या वन्यजीव कायद्याखालचं जनावर आहे. होतं तिथेच, कडेच्या गवतात ठेवावं.

पाळीव सशाचं पिल्लू उघडंबोडकं आणि आंधळं जन्मतं, डोळे दहा-बारा दिवसांनी उघडतात. दुकानात ते महिन्याभराचं येतं, तेव्हा सगळेच तळहातावर मावतात. दुकानदार सांगतो, “एवढाच ऱ्हातुय ह्यो, काय बी वाढत न्हाय.” पांढरा आणि लाल डोळ्यांचा असेल, तर तो बहुधा न्यूझीलंड व्हाईट जातीचा, चार-पाच किलोपर्यंत जातो. खऱ्या ड्वार्फांपैकी नेदरलँड ड्वार्फ मोठा झाल्यावरही किलो-सव्वा किलोच्या आसपास. त्याचं डोकं गोल, मान जवळजवळ नाहीच, कान आखूड, जेमतेम 5 सेंमी. लांब तोंड आणि डोक्यापेक्षा लांब कान दिसले की पिंजरा मोठा घ्यावा. ससा आठ आठवड्यांचा झाल्यावरच घ्यावा आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपलीसकट तोलावा. दीड किलो भरला तर दुकानदाराशी वाद घालण्यात अर्थ नाही.

आईबाप अस्सल ड्वार्फ असले तरी खात्री नाही. ठेंगणेपणाचं जनुक एकाकडूनच आलं तर पिल्लू ठेंगणं. दोघांकडून आलं तर काही दिवसांत दगावतं. कुणाकडूनच नाही आलं तर साधं, मोठं होणारं. एका वेतात हे तिन्ही निघू शकतात.

सगळ्यात धाडसी खरेदी ‘दोन्ही माद्याच हायत’ म्हणून दिलेल्या जोडीची. त्या वयात नर-मादी ओळखणं जाणत्यालाही अवघड. चार-पाच महिन्यांनी पिंजऱ्यात लग्न लागतं, पुढे तीस-एकतीस दिवसांत सहा-सात पिल्लं. मग तोच गिऱ्हाईक शेजाऱ्यांकडे खोकं घेऊन फिरतो: “घ्या की, ड्वार्फ आहेत, एवढेच राहतात.”