वेन मन आणि एक उलटलेली नुरा कुस्ती

वेन मन हा खोटा चॅम्पियन होता, असं कुस्तीचे जाणकार सहज बोलून जातात. मला ते अर्धंच पटतं. नेब्रास्का विद्यापीठाचा हा फुटबॉलपटू (अमेरिकन फुटबॉल, आपला नव्हे) साडेसहा फूट उंच आणि २६० पौंडांचा, म्हणजे जवळपास ११८ किलोचा. ताकद शंभर टक्के खरी. नव्हती ती खालची कुस्ती.

फुटबॉलमध्ये धडक खांद्यानं द्यायची, वजन पुढे टाकायचं, समोरचा पडला की काम झालं. कुस्ती तिथून सुरू होते. खाली गेल्यावर हनुवटी छातीशी, कोपरं बरगड्यांना चिकटलेली हवीत, कारण काखेत फट दिसली की वरचा हात घालून मानेवर कैची चढवतो. मानेचा पूल करून खांदे उचलायला वर्षानुवर्षांची मेहनत लागते. मनकडे ती नव्हती.

८ जानेवारी १९२५, कॅन्सस सिटी. तेव्हाचा जगज्जेता एड 'स्ट्रँगलर' लुईस याला उचलून आपटत मननं जगज्जेतेपदाचा पट्टा घेतला. मधे त्याला थेट रिंगबाहेर फेकलं, त्या फाउलबद्दल पंचांनी तीनपैकी दुसऱ्या फेरीचा निकाल लुईसला दिला. हे सगळं आधी ठरलेलं. लुईस, त्याचा मॅनेजर सँडो आणि त्यांचा जोडीदार माँट, कुस्त्या भरवणाऱ्या या त्रिकुटाला गर्दी खेचणारा नवा चेहरा हवा होता.

गणित इथंच चुकलं. नुरा कुस्तीचा, म्हणजे निकाल आधीच ठरवलेल्या कुस्तीचा, करार कोर्टात नेता येत नाही; समोरचा फिरला तर वाचवायला अंगातला डावच लागतो. १५ एप्रिलला फिलाडेल्फियात स्टॅनिस्लॉस झिबिस्को फिरला. हरायचं ठरलेला हा पंचेचाळिशी ओलांडलेला गडी मनला सरळ दोनदा चितपट करून मोकळा झाला.

झिबिस्को म्हणजे आपल्या गामा पैलवानाशी लढलेला तोच. १९१० साली लंडनमध्ये गामासमोर अडीच तासांच्या आसपास पोटावर चिकटून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सोडवली. (१९२८ साली पतियाळात गामानं त्याला मिनिटभरही टिकू दिलं नाही, ते वेगळं.) एवढा वेळ गामाला दाद न देणाऱ्यासमोर कच्चा गडी उभा करायचा आणि शब्दावर भरवसा ठेवायचा? दोष मनचा कमी, त्रिकुटाचा जास्त.

फिलाडेल्फियाचा निकाल न मानता ३० मेला मिशिगन सिटीत लुईसनं मनला हरवून आपला दावा परत मिळवला. झिबिस्को मात्र त्याच दिवशी सेंट लुईसमध्ये विरोधी गटातल्या जो स्टेकरकडून हरला, म्हणजे पट्टा त्रिकुटाच्या हातून गेलाच. मन जानेवारी १९३१ मध्ये मूत्रपिंडाच्या आजारानं गेला.